जुने व्हायोलिन ऑनलाइन घेताना त्याचे वय आणि प्रत कशी ओळखावी?

दादर_पश्चिम

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे आणि दादरला एका गुरुजींकडे हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकते. आतापर्यंत ती थ्री-फोर्थ आकाराच्या वाद्यावर वाजवत होती, पण आता तिचा हात पुरेसा लांब झाला असल्याने फुल साइज वाद्य घ्यावे, असे गुरुजींनी सुचवले आहे. नव्या कारखानी वाद्याच्या किमतीत एखादे जुने युरोपीय वाद्य मिळाले तर त्याचा स्वर अधिक पिकलेला असतो, असेही ते म्हणाले. धोबीतलावच्या दुकानांत चौकशी केली, परंतु मनाजोगते जुने वाद्य तिथे मिळाले नाही. म्हणून जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळांवर शोध सुरू केला आणि सध्या दोन वाद्यांचा विचार चालू आहे.

पहिले वांद्र्याचे आहे. ते आजोबांचे असल्याचे विक्रेता सांगतो. आतल्या चिठ्ठीवर ‘आन्तोनियस स्त्रादिवारियस’, क्रेमोना हे गाव आणि १७२१ हे साल छापलेले आहे, तर खाली अगदी बारीक अक्षरांत ‘मेड इन जर्मनी’ असेही आहे. विक्रेत्याच्या मते वाद्य शंभर वर्षांहून जुने आहे आणि त्याला ₹६०,००० हवे आहेत. वार्निश लालसर तपकिरी असून कडांकडे काळपट होत गेले आहे, पाठीवर मेपलचे सुंदर पट्टे दिसतात आणि छायाचित्रांत तरी वाद्य देखणे आहे. दुसरे मडगावचे, ₹३२,००० किमतीचे. त्याच्या चिठ्ठीवर ‘चेकोस्लोव्हाकिया’ असे आहे, त्याला तारा नाहीत, ब्रिज (तारांना आधार देणारा लाकडी तुकडा) काढून पेटीत ठेवला आहे आणि पुढच्या फळीची कड खालच्या बाजूला किंचित सुटलेली दिसते.

चिठ्ठीवर कितपत विश्वास ठेवावा, वय कशावरून ठरवावे, सुटलेली कड म्हणजे वाद्य बाद समजावे का, आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून नेमके काय मागून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लाकूडकाम

नमस्कार. तंतुवाद्यांची दुरुस्ती हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

चिठ्ठीपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची दिशाभूल तिथेच होते. क्रेमोनाचा नामवंत व्हायोलिनकार आन्तोनियो स्त्रादिवारी १७३७ मध्ये वारला. त्याच्या नावाची छापील चिठ्ठी मात्र एकोणिसाव्या शतकापासून जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन, सीमेपलीकडच्या बोहेमियातील शॉनबाख आणि फ्रान्समधील मिरकूर या गावांतून बाहेर पडणाऱ्या असंख्य वाद्यांत चिकटवली गेली. त्यामागे दरवेळी फसवणुकीचाच हेतू होता असे नाही. हे वाद्य स्त्रादिवारीच्या नमुन्यावर बेतले आहे, एवढाच अर्थ त्या काळचा ग्राहक त्यातून घेत असे. तेव्हा १७२१ हा आकडा आपण पूर्णपणे सोडून द्यावा. वयाचा उपयोगी पुरावा त्याच चिठ्ठीच्या तळाशी, बारीक अक्षरांत आहे. परदेशी मालावरील खुणांसंबंधीचा कायदा ब्रिटनने १८८७ मध्ये केला आणि आयात मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची सक्ती अमेरिकेत १८९१ पासून आली. त्यामुळे इंग्रजीत देशाचे नाव छापलेले वाद्य त्याआधीचे असण्याची शक्यता फार थोडी, आणि ‘मेड इन जर्मनी’ असे पूर्ण शब्द असतील तर ते बहुधा विसाव्या शतकातले. वांद्र्याचे वाद्य शंभरीच्या आसपासचे असू शकेल, पण त्या काळात अशी वाद्ये इतक्या मोठ्या संख्येने तयार झाली की केवळ शंभर वर्षे झाली म्हणून त्याची किंमत वाढत नाही.

मडगावच्या वाद्याचा काळ सांगणे त्या मानाने सोपे आहे, कारण चेकोस्लोव्हाकिया हा देश १९१८ मध्ये जन्मला आणि १९९२ च्या अखेरीस संपला. शॉनबाख हे गाव याच देशात गेले आणि आज ते लुबी या नावाने ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मनभाषक कारागिरांना घरेदारे सोडावी लागली आणि त्यांतले पुष्कळजण बव्हेरियातील बुबेनरॉइट इथे जाऊन वसले, म्हणून ‘वेस्ट जर्मनी’ असे छापलेली चांगली वाद्येही आपल्याकडे अधूनमधून दिसतात. अर्थात चिठ्ठी हा शेवटी कागदाचा तुकडा आहे. तो काढता येतो आणि दुसरा चिकटवता येतो, तेव्हा चिठ्ठी जे सांगते ते लाकूडही सांगते आहे का, हे पाहावे लागते.

त्यासाठी आधी डोके पाहा. स्क्रोलच्या, म्हणजे डोक्यावरच्या कोरीव गुंडाळीच्या, मागच्या बाजूने दोन समांतर पन्हळी वर चढतात आणि पुढे वळून हनुवटीखाली उतरतात. हाताने मन लावून कोरलेल्या डोक्यात ही पन्हळ अगदी आत, शेवटच्या टोकापर्यंत जाते. तुकड्यावर मजुरी घेऊन केलेल्या स्वस्त वाद्यांत ती बहुधा खालच्या वळणावरच थांबते, कारण पुढचा भाग कोरायला वेळ लागतो आणि तो सहज नजरेस पडत नाही. मग खुंट्यांच्या पेटीच्या बाजूंवर मानेचा सांधा आहे का, ते पाहा. अठराव्या शतकातल्या व्हायोलिनची मान पुढे बदलावी लागली आणि मूळ डोके नव्या मानेवर बसवले गेले, त्यामुळे खऱ्या जुन्या वाद्यात तिथे जोड दिसतो. या जोडाचीही नक्कल होते, नुसती रेघ कोरून त्यात काळा रंग भरतात. भिंगातून पाहिले तर खऱ्या जोडात रेघेच्या दोन्ही बाजूंच्या लाकडाचे रेषे एकमेकांशी जुळत नाहीत, नकली जोडात तेच रेषे रेघेखालून सरळ पुढे जातात. हीच कसोटी कडेलगतच्या काळ्या-पांढऱ्या-काळ्या तिहेरी रेघेला, म्हणजे पर्फ्लिंगला लावता येते: खरी पर्फ्लिंग लाकडात खाच पाडून बसवलेली असते, स्वस्त वाद्यात ती नुसती शाईने ओढलेली असते.

आपण वर्णन केलेला कडांचा काळपटपणा मला छायाचित्र न पाहताही थोडा खटकतो. खरी झीज हात आणि हनुवटी लागते तिथेच होते. वरच्या अंगाला पातळ तारेच्या बाजूचे वार्निश तळव्याने उडते आणि टेलपीसशेजारचे (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्या पट्टीशेजारचे) हनुवटीने, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या झिजल्या असे कधी होत नाही. वाद्य डावी-उजवीकडे अगदी बेताने, सारख्याच प्रमाणात काळवंडलेले असेल तर ती छटा कारखान्यातच दिलेली आहे, असे समजावे.

आतला भाग पाहता आला तर फारच उत्तम. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो, तो एफच्या आकाराच्या छिद्रातून आत जातो. बेसबार, म्हणजे पुढच्या फळीला आतून जाड तारेच्या बाजूला असलेली लांब लाकडी पट्टी, हा वेगळा तुकडा म्हणून बसवलेला आहे, की फळी कोरतानाच तेवढा भाग उंच ठेवून दिला आहे, हे त्यात स्पष्ट दिसते. दुसरा प्रकार असेल, आत पटाशीचे ओबडधोबड घाव तसेच असतील आणि कोपऱ्यांत लाकडी ठोकळ्यांऐवजी नुसत्या पातळ पट्ट्या असतील, तर बाहेरून वाद्य कितीही देखणे असो, ते घाईने केलेले आहे.

आता सुटलेल्या कडेविषयी, कारण त्यावरून आपण मडगावचे वाद्य बाद कराल अशी मला भीती वाटते. व्हायोलिनच्या फळ्या कडेच्या पट्ट्यांना प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवतात आणि हा सरस मुद्दाम बेताचा ठेवलेला असतो. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पुढे कोरड्या दिवसांत आक्रसते. त्या ओढाताणीत सरसाने आधी सुटावे आणि फळी मात्र चिरू नये, अशी ती सोय आहे. सुटलेली कड पुन्हा सरसाने बसवणे हे दुरुस्तीतले अगदी साधे काम आहे. मात्र तिथे आधी कुणी सुताराचा पांढरा गोंद किंवा दोन नळ्यांचा पक्का गोंद भरलेला नाही ना, हे अवश्य विचारा. तो असेल तर पुढच्या वेळी कड सुटणार नाही, तिच्या शेजारचे लाकूड फाटेल.

ज्याला मी खरोखर घाबरतो तो दोष म्हणजे साउंडपोस्टपाशी पाठीला गेलेली चीर. ब्रिजच्या पातळ तारेकडच्या पायामागे, वाद्याच्या पोटात एक उभी काठी असते आणि तारांचा दाब तिच्यातून सतत पाठीवर पडत असतो. तिथे चीर गेली तर नुसते चिकटवून भागत नाही. वरची फळी उघडून आतून लाकडाचे ठिगळ बसवावे लागते, आणि एवढे करून या प्रतीच्या वाद्याची किंमत पूर्वीइतकी राहत नाही. पुढच्या फळीच्या चिरा त्यामानाने बऱ्या, पण त्याही साउंडपोस्टच्या किंवा बेसबारच्या रेषेत असतील तर सावध राहावे.

शेवटचा मुद्दा मानेच्या कोनाचा. तारांच्या ओढीने मान हळूहळू पुढे झुकते आणि तारा उंच वाटू लागल्या की विक्रेता ब्रिज कापून बुटका करतो. फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या काळ्या पट्टीवर, मोजायची सरळ पट्टी ठेवून ती ब्रिजपर्यंत न्यावी आणि तिथे पट्टीची खालची कड फळीपासून किती उंच आहे ते मोजावे. साधारण २७ मिलिमीटर हे माप ठीक, २४-२५ भरले तर मान काढून नव्याने बसवावी लागेल, असे धरून चाला. त्याचबरोबर पाठीची लांबी मानेचे बूड सोडून मोजायला सांगा. फुल साइजमध्ये ती ३५५ मिलिमीटरच्या आसपास असते.

मींड_आणि_गमक

‘लाकूडकाम’ यांनी फार नेमके लिहिले आहे. मी वादनाच्या बाजूने थोडी भर घालते.

जुन्या वाद्याचा स्वर पिकलेला असतो, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे आणि गुरुजींच्या अनुभवाचा मान राखूनच मी पुढचे लिहिते आहे. इंडियानापोलिस इथे २०१० मध्ये संशोधकांनी २१ वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल चढवून, मंद उजेडात तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिने त्यांच्या हाती दिली. जुन्यांत दोन स्त्रादिवारीची आणि एक ग्वार्नेरी या तशाच नामवंत जुन्या कारागिराचे होते. नवे कोणते आणि जुने कोणते हे बहुतेकांना ओळखता आले नाही, बहुतेकांनी नव्यालाच पसंती दिली आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्त्रादिवारीला. इतक्या वरच्या पातळीवर ही स्थिती असेल, तर आपल्या किमतीच्या वाद्यात वयाला मी फारसे महत्त्व देणार नाही. तारा ताज्या असणे आणि साउंडपोस्ट जागेवर असणे यांनी स्वरात जो फरक पडतो, तो पन्नास वर्षांच्या वयाने पडेल असे मला वाटत नाही.

स्वर ऐकायचा तर विक्रेत्याकडून गाण्याची चित्रफीत मागू नका. चारही तारा मोकळ्या, लांब आणि संथ गजाने वाजवाव्यात आणि मग प्रत्येक तारेवर खालून वरपर्यंत एकेक स्वर धरावा, असे सांगा. जाड तारेवर वरच्या जागी गेल्यावर स्वर घोगरा होतो का, एखादा स्वर थरथरतो का, हे त्यातच कळते. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो, म्हणून वाद्य किती मोठे बोलते याचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नये. आपण तारा युरोपीय पट्टीपेक्षा बहुधा उतरवून षड्ज-पंचमात जुळवतो आणि काही वाद्ये तशी उतरवली की मलूल होतात, तेव्हा शक्य असेल तर आपल्या स्वरातच जुळवून ऐकावे.

आपल्या संगीताच्या दृष्टीने फिंगरबोर्ड मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तारांखाली चर पडले असतील तर मींड घेताना बोट त्या चरात अडखळते आणि खालच्या जागी तार खरखरते. फिंगरबोर्डवर तिरपा उजेड पाडून काढलेले छायाचित्र मागा, चर लगेच दिसतील. थोडे चर रंधून निघतात, परंतु पट्टी आधीच पातळ झाली असेल तर ती बदलावी लागते. ती खरोखर आबनुसाची आहे की साधे लाकूड काळे रंगवले आहे, हे कडेच्या झिजलेल्या भागावरून ओळखता येते. खुंट्या पावसाळ्यात घट्ट बसतात आणि कोरड्या दिवसांत घसरतात, तेवढे चालायचेच. पण खुंटी डोक्यातल्या खुंट्यांच्या पेटीत फार आत शिरून दुसऱ्या बाजूने बरीच बाहेर आली असेल तर भोके मोठी झाली आहेत.

सोबत येणाऱ्या गजाचे पैसे मनात शून्य धरावेत. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या पेटीत बारीक किडे केस खातात, त्यामुळे पेटी उघडताच तुटलेले केस लोंबताना दिसतात. केस नवे बसवता येतात, पण काडी एका बाजूला वाकली असेल तर तो गज मुलीच्या हाती देऊ नये, उजव्या हाताची घडण त्यावर बिघडते.

साता_समुद्रापलीकडून

माझे लिहिणे थोडक्यात आहे. परदेशातील लिलावांच्या संकेतस्थळांवरही अशी वाद्ये स्वस्त दिसतात, पण पाठवणावळ, आयात कर आणि परत पाठवण्याची अडचण धरली तर तो व्यवहार बहुधा अंगावर येतो. त्यातच जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत किंवा मुठीला कासवाचे कवच असेल, तर सीमाशुल्काच्या कार्यालयात वस्तू अडकण्याची शक्यता असते, कारण त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधने आहेत. देशातल्या देशात घेतानाही पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये, ‘पाच दिवसांत परत करता येईल’ एवढे तरी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ‘आणखी दोन गिऱ्हाइके थांबली आहेत’ असे सांगून घाई करणाऱ्याला त्यांच्याकडेच जाऊ द्यावे.

दादर_पश्चिम

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रविवारी गुरुजींना घेऊन वांद्र्याला जाऊन आले. स्क्रोलची पन्हळ खालच्या वळणावरच थांबते आणि दोन्ही बाजूंचा काळपटपणा अगदी सारखा आहे. पाठीची लांबी ३५६ मिलिमीटर भरली, पण फिंगरबोर्डवरून पट्टी नेऊन मोजले तेव्हा उंची जेमतेम २४ मिलिमीटर होती. गुरुजींना स्वर आवडला. मात्र उजेडात पाठ तिरपी धरली तेव्हा मध्याच्या एका बाजूला बोटाच्या पेराएवढी बारीक उभी रेघ दिसली. विक्रेता म्हणतो की तो वार्निशावरचा ओरखडा आहे आणि तो ₹४५,००० पर्यंत उतरायला तयार आहे.

मडगावच्या गृहस्थांनी सांगितलेली सर्व छायाचित्रे पाठवली. उंची २७ मिलिमीटरच्या जवळ आहे, पन्हळ टोकापर्यंत गेली आहे, फिंगरबोर्डवर थोडे चर आहेत आणि आत बेसबार वेगळा बसवलेला दिसतो. वाद्य त्यांच्या वडिलांचे होते, ते चर्चमध्ये वाजवत. सुटलेल्या कडेला कुणीही हात लावलेला नाही. तारा नसल्याने स्वर मात्र ऐकता आलेला नाही.

लाकूडकाम

पाठीवरची रेघ पातळ तारेच्या बाजूला, म्हणजे वाद्य पालथे धरले असता डाव्या हाताला, ब्रिजच्याच पातळीवर असेल तर ती साउंडपोस्टची चीर समजूनच चालावे. ओरखडा रेष्यांना आडवातिडवा कसाही जातो, चीर लाकडाच्या उभ्या रेष्यांबरोबर जाते. विक्रेत्याची हरकत नसेल तर बोटाच्या टोकाने रेघेच्या दोन्ही बाजूंना हलके दाबून पाहा, एक कड दुसरीपेक्षा कणभर खाली जाताना जाणवली तर शंका उरत नाही. त्यात मानही खाली आलेली आहे. या दोन दुरुस्त्यांचा खर्च मिळून वाद्याच्या किमतीच्या वर जाईल, तेव्हा ₹४५,००० ला काय, त्याच्या निम्म्यालाही मी ते घेण्याचा सल्ला देणार नाही. स्वर आवडला तरीही नाही, कारण दाब कायम आहे आणि ती चीर आज आहे तेवढीच राहणार नाही.

मडगावचे वाद्य, आपण लिहिता तसे असेल तर, प्रामाणिकपणे केलेले दिसते. स्वर न ऐकता घेण्यात जोखीम आहेच, म्हणून कड बसवणे, फिंगरबोर्ड रंधणे, नवा ब्रिज, साउंडपोस्ट आणि तारा यांचा अंदाज इथल्या एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याकडून छायाचित्रांवर घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करण्याविषयी त्या गृहस्थांशी मोकळेपणाने बोला. गज वेगळा घ्यावा लागेल, हेही हिशेबात धरा.

ते स्वतः मुंबईला येणार असतील किंवा कुणी ओळखीचे रेल्वेने आणणार असेल, तर कुरियरपेक्षा तेच बरे. कुरियरनेच यायचे असेल तर ब्रिज, टेलपीस आणि सुटे झालेले सर्व भाग वेगळे गुंडाळायला सांगा, म्हणजे वाटेत ते वार्निशावर आपटणार नाहीत. फिंगरबोर्डच्या मोकळ्या टोकाखाली मऊ कापडाची घडी ठेवावी, डोक्याभोवती कापड भरून ते पेटीत हलणार नाही असे करावे आणि पेटी दुसऱ्या मोठ्या खोक्यात चारही बाजूंनी भरण देऊन ठेवावी. आतली साउंडपोस्ट आडवी पडून खुळखुळत असेल तर घाबरू नये. तारांचा दाब नसला की ती पडतेच, ती फक्त एफच्या छिद्रातून बाहेर काढून पाकिटात घालायला सांगा. वाद्य इथे पोहोचले की पेटी उघडतानाचे चित्रण करून ठेवा आणि तारा चढवण्याआधी ते दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या, कारण साउंडपोस्ट उभी नसताना कुणी तारा ताणल्या तर पुढची फळी त्या दाबाने खचते.